पोटगी आणि मुलीची भेट एकमेकींत अडकवू नका

तुम्ही लिहिले आहे, की सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही आठ महिन्यांपासून नाशिकला माहेरी राहता आणि तिथल्या एका खासगी शाळेत शिकवता. पती पुण्यात नोकरीला आहेत. मुलीच्या खर्चासाठी त्यांनी काहीही पाठवलेले नाही, म्हणून गेले तीन महिने तुम्ही त्यांना तिची भेट घेऊ दिलेली नाही. हे योग्य आहे का, ताबा कोणाला मिळेल आणि पोटगी किती मागावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी अनेक वर्षे कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आहे, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टच देते. भेट थांबवणे योग्य नाही. तुमचा राग रास्त आहे, मुलीचा सगळा भार एकटीने उचलावा लागणे हा अन्यायच आहे. परंतु मुलीचा खर्च देणे हे वडिलांचे कर्तव्य भेट मिळो अथवा न मिळो कायम राहते, आणि वडिलांचा सहवास हा मुलीचा स्वतःचा हक्क आहे, तो वडिलांना पैशाच्या मोबदल्यात द्यायचा नसतो. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. ‘आधी पैसे टाका, मग भेटा’ असा एखादा संदेश तुम्ही मोबाइलवर पाठवलेला असेल, तर पलीकडचे वकील तो छापून पहिल्याच तारखेला दाखल करतील, आणि आठ महिने पैसे न देणारे पती बाजूला राहून न्यायाधीशांसमोर चर्चा तुमच्या वागण्याची होईल. हे मी वारंवार पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी त्या आईविषयी वाईट वाटले आहे.

एक अपवाद मात्र ठामपणे सांगितला पाहिजे. पतीकडून मारहाण झाली असेल किंवा मुलीला इजा होण्याची खरीखुरी भीती असेल, तर वरचा सल्ला तुम्हाला लागू नाही. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ याखाली दंडाधिकाऱ्यांकडे तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेट मुलीला अपायकारक ठरेल असे त्यांना वाटल्यास ते ती नाकारू शकतात. न्यायालयाच्या आवारात, कोणाच्या तरी देखरेखीखाली भेट ठेवण्याचा मार्गही असतो.

ताब्याविषयी फार घाबरू नका. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे, पण म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे जातो हा समज चुकीचा आहे. त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी मानते. तिची शाळा कुठे आहे, आजारपणात रात्री कोण जागते, घरी कोण असते, तिची घडी कोठे बसली आहे, हे पाहिले जाते. न्यायाधीश मुलीशी आपल्या दालनात स्वतंत्रपणे बोलूही शकतात. तिला त्यासाठी पढवू नका. पढवलेले मूल दोन-तीन वाक्यांतच ओळखू येते. मुलगी नाशिकला स्थिरावली असल्याने पालक व पाल्य कायदा, १८९० खालचा अर्ज तिथल्याच न्यायालयात करता येतो, आणि घटस्फोटाची याचिका करायचे ठरवलेत तर पत्नी म्हणून तीही तुम्ही राहता तिथे दाखल करता येते.

माझ्या मते सर्वाधिक कष्ट घ्यायचे ते भेटीच्या अटी लिहिताना. समझोत्याच्या पुरशीसमध्ये, म्हणजे न्यायालयात दाखल करायच्या लेखी निवेदनात, ‘उभयपक्षांच्या सोयीनुसार वडिलांना मुलीची भेट घेता येईल’ हे वाक्य सर्रास लिहिले जाते. ते समजूतदार दिसते, परंतु ज्या दोघांची सोय एकमेकांशी जुळलीच नाही तेच तर न्यायालयात आलेले असतात. वेळच ठरलेली नसल्यामुळे पुढे ती मोडली असे कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि अंमलबजावणीची दरखास्त तिथेच अडते. म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते सायंकाळी सहा, असे लिहून घ्या. मुलीला कोण घ्यायला येईल, घराच्या दारातून नेईल की सोसायटीच्या फाटकापासून, परत कोण सोडेल, ती तापाने आजारी असेल तर ती भेट कोणत्या दिवशी भरून निघेल, दिवाळीच्या सुट्टीचा पहिला भाग यंदा कोणाकडे आणि पुढच्या वर्षी कोणाकडे, मे महिन्यातले किती दिवस पुण्याला, गणपतीत काय, हे सगळे कागदावर हवे. तीन महिन्यांचा खंड पडला असल्याने सुरुवातीच्या भेटी नाशिकमध्येच, काही तासांच्या ठेवाव्यात आणि मुक्काम नंतर सुरू करावा, अशी मागणी तुम्ही निःसंकोचपणे करू शकता. मधल्या दिवसांसाठी व्हिडिओ कॉलची वेळही ठरवा. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, असे म्हटले आहे.

मुलीला सोपवण्याच्या क्षणी आजी-आजोबा, मामा, काका यांची गर्दी नको. अशा वेळी मूल आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि मगच पाऊल उचलते. तिथे तुमच्या कपाळावर आठी दिसली, तर ते वडिलांकडे जाताना आपण काही गुन्हा करतो आहोत असे समजते, आणि परत आल्यावर ‘मला मुळीच मजा आली नाही’ असे केवळ तुमच्या समाधानासाठी सांगू लागते.

आता पोटगी. मुलाच्या पोटगीसाठी कायद्यात ठरावीक टक्केवारी नाही. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि समोरच्याने उत्तरासह ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावे अशी अपेक्षा आहे. तुम्ही कमावता म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही. दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात भार वाटला जातो. याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. अर्ज न करता गेलेल्या आठ महिन्यांची भरपाई मिळेल असे धरून चालू नका, आणि आणखी एक महिनाही दवडू नका. अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली करता येतो, आणि त्यातच अंतरिम पोटगीही मागावी.

रक्कम अंदाजाने सांगू नका. शाळेची फी, व्हॅनचे भाडे, गणवेश, वह्यापुस्तके, दूध-फळे, औषधे, पाळणाघर असा बारा महिन्यांचा खर्च पावत्यांसह मांडा आणि त्याची मासिक सरासरी काढा. फी वडिलांनी थेट शाळेत भरावी, मोठ्या आजारपणाचा खर्च वेगळा धरावा, मासिक रक्कम मुलीच्या खात्यात जमा व्हावी आणि दर जूनमध्ये ती ठरावीक प्रमाणात वाढावी, अशा अटी घातल्या की दरवर्षी नव्याने भांडावे लागत नाही. कलम १४४ खालच्या आदेशाची पोटगी थकली, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा असतो. ही मुदत अनेक जणी चुकवतात.

परस्पर संमतीने लवकर मोकळे व्हावे म्हणून ‘मुलीसाठी मी काहीही मागणार नाही’ असे लिहून देण्याचा आग्रह तुम्हाला होईल. कृपा करून तसे लिहून देऊ नका. तो हक्क तुमच्या मुलीचा आहे, तो सोडून देण्याचा अधिकार आईलाही नाही, आणि असे लिहून दिले असले तरी मुलीसाठी न्यायालयात जाता येते, पण तोवर वर्षे जातात.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. येत्या शनिवारी मुलीला नाशिकमध्येच भेटता येईल, असा वेळ आणि ठिकाण लिहिलेला साधा संदेश पतीला पाठवा, त्यात पैशाचा उल्लेखही करू नका. आणि पोटगीचा अर्ज स्वतंत्रपणे दाखल करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.