वाचक विचारतात : यशवंतरावांची जयंती, हार घालून झाल्यावर काय?

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिक संघ दरवर्षी १२ मार्चला यशवंतराव चव्हाणांची जयंती करतो. फोटोला हार, दोन भाषणं, चहा-समोसा, अर्ध्या तासात खुर्च्या रिकाम्या. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. त्यात कॉलनीतली पोरं विचारतात की ते तर कराडचे, नाशिकला त्यांचं काय? काहीतरी सुचवा. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : काका, पोरांचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर नीट दिलं की कार्यक्रम अर्धा तिथेच तयार होतो. यशवंतराव आपले खासदार होते हो, नाशिकचे, लोकसभेचे! चीनने हल्ला केला, कृष्ण मेनन यांचं संरक्षण खातं गेलं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी यशवंतरावांना मुंबईहून दिल्लीला बोलावून घेतलं, तेच ते हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे. पण मंत्री झाले तरी लोकसभेत जायला मतदारसंघ पाहिजे ना, तो नाशिकने दिला. १९६३ ची पोटनिवडणूक आणि तीही बिनविरोध. आज साध्या सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक बिनविरोध होत नाही.

१९६७ ला ते साताऱ्यातून उभे राहिले, म्हणजे नाशिकशी संबंध तसा चारेक वर्षांचाच. पण त्याच काळात, १९६४ मध्ये, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार यायला लागला. संरक्षणमंत्री आपला खासदार आणि कारखाना आपल्या दारात, यात योगायोग किती आणि यशवंतरावांचं वजन किती ते ज्याचं त्याने ठरवावं, मला विचाराल तर वजन जास्त.

आता कार्यक्रम. बाहेरून वक्ता आणायच्या भानगडीत पडू नका, तो येणार उशिरा आणि बोलणार स्वतःबद्दल. तुमच्याच कॉलनीत ओझरहून रिटायर झालेलं कुणीतरी असणारच, त्यांना दहा मिनिटं द्या आणि मिग २१ ची आठवण सांगायला लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये ते विमान हवाई दलातून निवृत्त झालं त्यामुळे पोरांना पण विषय माहितीये. दुसरं, गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ. १९८९ ला सुरू झालं, नावच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, पण आपण सगळे नुसतं 'मुक्त' म्हणतो आणि नाव विसरतो. नोकरी किंवा घर सांभाळून तिथून बी.ए. झालेली एखादी ताई तुमच्या ओळखीत नक्की असेल, तिला बोलवा. तिने स्टेजवर घाबरत घाबरत बोललेली पाच वाक्यं चालतील, मी तर म्हणेन तीच लोकांच्या लक्षात राहतील.

आणि एक गोष्ट कराच. जमलेल्या मंडळींना विचारा की ई.बी.सी.वर, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी माफीवर, कोण कोण शिकलं, हात वर करा. साठ-सत्तरीच्या पुढचे लोक असतील तर बघा काय होतं ते. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ही फी माफी आली. आधी वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी होती, मग १९६० मध्ये ती मर्यादा १२०० केली, आणि जात बघायची नाही, खिसा बघायचा. खात्यातल्या लोकांनी खर्चाचं काय म्हणून कुरकुर केली तरी ती झाली. गावाकडून नाशिकला येऊन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले जे डॉक्टर, मास्तर, इंजिनिअर आज तुमच्या संघात पेपर वाचत बसतात त्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण या एका सहीवर झालंय. त्यांनाच बोलू द्या, माईक फिरवा, फक्त वेळेची घंटा जवळ ठेवा कारण आपली ज्येष्ठ मंडळी एकदा सुरू झाली की थांबत नाहीत (माझ्यासकट).

---

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत 'वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि नेते यशवंतराव' असा विषय आलाय. स्वातंत्र्यसैनिक आणि नेते कळलं, पण वकील म्हणून त्यांचे गाजलेले खटले कुठेच मिळत नाहीत. (एक आई, सिडको)

उत्तर : ताई, मिळणार पण नाहीत, शोधणं थांबवा. एलएल.बी. १९४१ ला, पुण्याच्या लॉ कॉलेजातून. मग कराडला वकिली सुरू केली, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव सुरू झालं की हे गेले भूमिगत. वकिली अशी वर्षभराची. त्याच जूनमध्ये लग्न झालेलं, वेणूताई घरात नवीन, आणि वर्ष व्हायच्या आत पोलिसांनी त्यांनाच धरून नेलं कारण नवरा सापडत नव्हता. नंतर ते स्वतःही पकडले गेले.

पण खटला पाहिजेच असेल तर एक आहे, त्यात ते वकील नव्हते, आरोपी होते! १९३२, कराडचं टिळक हायस्कूल, झेंडा लावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा. शाळकरी पोरगा. घरची परिस्थिती अशी की वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ, ते प्लेगने फार लवकर गेलेले, आणि आई विठाबाईंनी लिहिता-वाचता येत नसताना मुलं वाढवली. पोरगा कोठडीत असताना त्या भेटायला आल्या, सोबत एक मास्तर होते, ते म्हणाले की माफी मागितली तर सुटेल. आणि त्या माउलीनेच सांगितलं की माफी कसली मागायची. हे यशवंतरावांनी स्वतः 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात लिहिलंय, लायब्ररीत सहज मिळेल, सार्वजनिक वाचनालयात विचारा. पुस्तक १९४६ पर्यंतच येतं, पुढचे भाग लिहायचे राहिले कारण १९८४ मध्येच ते गेले, पण तुमच्या मुलीला जेवढं लागतंय तेवढं सगळं त्यात आहे.

मुलीला एवढंच सांगा की कोर्टात समन्स घेऊन फिरणाऱ्या बेलिफाचा मुलगा, तो आधी जेल बघून आला आणि मग वकील झाला, इथून सुरुवात कर. 'वंदनीय व्यासपीठ' वगैरे नंतर. आणि तारखेची एक गंमत हाताशी ठेवायला सांगा : यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आणि गांधीजी दांडीला निघाले ती तारीख १२ मार्च १९३०, म्हणजे याचा सतरावा वाढदिवस. त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. नाशिकचे परीक्षक असतील तर हे वाक्य ऐकून मान डोलावतीलच.

---

प्रश्न : माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. आमच्या घरात यशवंतरावांचं नाव काढलं की वडील उठून जायचे. आता जिकडे तिकडे त्यांचा नुसता जयजयकार. आम्ही काय समजायचं? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : वडिलांचा राग खरा होता हो, तो खोटा ठरवायची काही गरज नाही. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू असा प्रश्न आला तर मी नेहरूंच्या बाजूने, असं यशवंतराव उघड म्हणाले होते आणि लोकांनी त्यांना ते पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं. १९५७ च्या निवडणुकीत मुख्यमंत्री असून स्वतःच्या कराडमध्ये जेमतेम निवडून आले, संयुक्त महाराष्ट्र समितीने घाम फोडला. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा मंगल कलश त्यांच्या हातात. चळवळीत लाठ्या खाल्लेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल!

पण दुसरी बाजू पण आहे की द्वैभाषिक, म्हणजे मराठी-गुजराती मिळून एकच मुंबई राज्य, चालत नाही हे दिल्लीच्या गळी उतरवायचं काम आतून त्यांनीच केलं. चळवळीशिवाय दिल्ली हलली नसती, आणि आत बसून पटवून देणारं कुणी नसतं तर ती अजून किती वर्षं ताणून धरली असती कुणास ठाऊक. माझं मत विचाराल तर १९५५-५६ मध्ये ते चुकले आणि नंतर त्यांनी बरंचसं भरून काढलं. महार वतनं (गावकामाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या मिळणारी जमीन आणि तिच्यासोबतची राबणूक) रद्द करायचा कायदा १९५८ चा, त्यांच्याच काळातला, आणि नवबौद्धांना सवलती पण त्यांच्याच सरकारने दिल्या. हे बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्यात राहून विसरता येत नाही. जयंतीला कुणी बोलावलं तर जा, आणि वडिलांची गोष्ट तिथे सांगा. यशवंतरावांवर टीका केली म्हणून कुणी उठून गेलं तर जाऊ द्या.

---

प्रश्न : गोदाघाटावरचं यशवंतराव महाराज पटांगण चव्हाणांच्याच नावाचं ना? पुण्याहून पाहुणे आलेत, त्यांना दाखवायचंय. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : नाही नाही, ते यशवंतराव वेगळे! ते देवमामलेदार, सटाण्याचे, दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला असं ज्यांच्याबद्दल सांगतात ते. १८८७ मध्ये नाशिकलाच त्यांनी देह ठेवला आणि मंदिरही तिथेच आहे. पाहुण्यांना घेऊन जाच पण, मे महिना असेल तर संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेचं भाषण पण ऐकायला मिळेल. आणि रिक्षावाल्याला एवढं लांबलचक नाव सांगत बसू नका, 'गंगेवर सोडा' म्हणायचं, तो बरोबर नेतो.