घरटं जास्वंदीत, मांजर भिंतीवर

प्रश्न : सहकारनगरच्या आमच्या बंगल्यात बुलबुलनं जास्वंदीत घरटं केलंय, जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर. पिल्लं बाहेर आली आहेत. शेजारचं मांजर रोज कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसतं. खोडाला पत्रा गुंडाळावा का?

उत्तर : जास्वंदीला उपयोग नाही, तिला बुंध्यापासूनच दहा काड्या फुटलेल्या असतात. पत्रा चालतो तो आंबा, नारळ अशा एका सरळ खोडाला. 2 फूट रुंदीचा गुळगुळीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा, खालची कड जमिनीपासून 5 फुटांवर. नखं त्यावर रुतत नाहीत. खिळे मात्र ठोकू नका. टोकं एकमेकांवर चढवून स्प्रिंगनं अडकवा, म्हणजे खोड वाढलं तरी साल आवळली जात नाही. एखादी फांदी भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीला टेकत असेल, तर सगळा खर्च फुकट.

जास्वंदीला काटेच बरे. बोगनवेल किंवा लिंबाच्या छाटलेल्या फांद्या बुंध्याभोवती दीड फूट उंचीपर्यंत गच्च खोचा, थोड्या भिंतीवरही बांधा, कारण मांजर तिथूनच झेप घेणार. आई-बाप चारा आणायला गेले असताना पाच मिनिटांत काम उरका. घरट्यावरची पानं छाटू नका, घरटं कावळ्याला उघडं दिसेल. मांजर परवडलं, पण कावळा नको. रोज डोकावूही नका. बुलबुल ओरडतात आणि मांजराला आयता पत्ता मिळतो.

पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण 12 ते 14 दिवसांत घरटं सोडतात, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पुढचे काही दिवस त्यांना धड उडता येत नाही, खालच्या झुडपांत बसून राहतात. शेजाऱ्यांशी बोलायचं ते या दिवसांसाठी. ‘तुमचं मांजर आवरा’ म्हटलं की पुण्यात नुसता वाद होतो. ‘आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्याला घरात ठेवाल का?’ असं विचारून पाहा. डांबरगोळ्या टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या विषारी असतात.

प्रश्न : मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधलं तर?

उत्तर : मोठ्या पक्ष्यांना थोडी सूचना मिळते. घरट्यातल्या पिल्लाला ऐकू आलं तरी ते जाणार कुठे? पट्टा ताण पडताच सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून मांजरालाच फास बसेल. पोटभर खाल्लेलं मांजरही शिकार करतं, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : उन्हाळ्यात पाण्याचं भांडं कुठे ठेवावं?

उत्तर : 4 इंची पीव्हीसी पाइप उभा पुरून त्यावर, 5 फूट उंचीला. भोवती 6-7 फुटांत दाट झुडूप नको. ओल्या पंखांचा पक्षी जड उडतो आणि मांजर झुडपाआडूनच येतं. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. रोज बदला, डासांची अंडी होतात. दाणेही जमिनीवर पसरू नका, होले आणि चिमण्या तिथेच सापडतात.

प्रश्न : मांजराच्या तोंडातून सोडवलेला पक्षी ठणठणीत दिसतोय. सोडून द्यावा का?

उत्तर : नाही. मांजराच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे बारीकशा दातखुणेनंही पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला प्रतिजैविक लागतं. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात सुती कापडावर ठेवा, झाकण लावा, चोचीत पाणी-दूध काही घालू नका. त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.