पहिलीच माउंटन बाइक, तीही जुनी: काय बघून घ्यावी?

बजेट कमी आहे, पहिलीच माउंटन बाइक आहे, तर जुनी घेताना काय तपासावं, असं तुम्ही विचारलंय. माझं सरळ मत: फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के झेलणारे शॉक) असलेली हार्डटेल घ्या. त्याच पैशात मिळणारी फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, बहुधा झिजलेली असते, आणि मागच्या शॉकची दुरुस्ती खिसा रिकामा करते.

फ्रेमचं माप तुमच्या उंचीला बसत नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. बसत असेल तर हँडलखालचे आणि पेडलजवळचे वेल्डिंगचे जोड पुसून उजेडात बघा. केसाएवढी चीर दिसली तरी नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खडखडली तर हेडसेट (हँडल वळतं ती बेअरिंग) सैल किंवा झिजलेला असू शकतो.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या २४व्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. १/८ इंच जास्त भरलं तर चेनबरोबर बहुधा कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बदलावी लागणार, तेवढी किंमत पाडून मागा. (विकणारा सहसा 'नुसतं ऑइलिंग करा' म्हणतो!)

टायर, ग्रिप, ब्रेक पॅड झिजलेले असले तरी चालतील, ते नंतर बदलता येतात.