दुबईत प्रत्येकाला ओळखीचं कोणीतरी भेटतंच, हे खरं की थाप?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत दोन वर्षं काढूनही तुम्हाला रस्त्यात एकही ओळखीचा चेहरा दिसला नाही, आणि दुबईतला तुमचा मावसभाऊ मात्र दर फोनवर "आज अमका भेटला, काल तमका" सांगतो. तो थापा मारतो का, असा तुमचा प्रश्न.

नाही मारत. मी चिपळूणचा. 2011 ते 2018 दुबईत एका कंत्राटदाराकडे क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाच्या मालाचा आणि खर्चाचा हिशेब करणारा, होतो. पहिल्या वर्षभरातच इतके लोक भेटले की आई फोनवर विचारायची, "अरे, तू नक्की बाहेर गेलायस ना?"

त्यातला एकच सांगतो. चिपळुणात आमच्या घराजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे एक पोरगा असायचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. माझी दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाचे अर्ज, पुढे पासपोर्टची कागदपत्रं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. पण आमच्यात बोलणं काय? तो मान वर न करता विचारायचा, "पाठपोट?" मी म्हणायचो, "हो." दहा वर्षांत एवढंच. ना त्याचं नाव मला ठाऊक, ना माझं त्याला. पुढे ते दुकान बंद झालं, तिथे मोबाइलवाला आला आणि तो पोरगा माझ्या डोक्यातून साफ गेला.

2013 मध्ये लग्नानंतर बायकोच्या व्हिसाचा अर्ज भरायला मी बुर दुबईतल्या एका टायपिंग सेंटरमध्ये गेलो. टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी अर्ज अरबीत भरून देणारं दुकान. आपल्याकडे कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसतात ना, त्यांचे एसीतले भाऊबंद. काउंटरवरच्या दाढीवाल्याने माझा पासपोर्ट घेतला, फोटोचं पान पाहिलं, मग शेवटचं पान उघडलं, जिथे आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो. तिथे जरा रेंगाळला. मग माझ्याकडे बघून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "पाठपोट?"

मला दोनचार सेकंद काही कळेचना. कळलं तेव्हा मी इतक्या मोठ्याने हसलो की मागच्या रांगेतला मल्याळी गृहस्थ दचकला.

तो चिपळूणजवळच्या गोवळकोटकडचा निघाला. त्यांच्यात बाहेर जाणं नवं नव्हतं. आजोबांचे भाऊ बोटीवर खलाशी होते, आणि दुबईत उतरल्यावर त्यांना खर्चायला रुपयेच चालत, असं तो अभिमानाने सांगायचा. ही त्याची बढाई नव्हे. तेव्हा आखातात रुपयाच चलन होता. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या आणि दुबईत त्या 1966 पर्यंत, म्हणजे रुपयाचं अवमूल्यन होईपर्यंत, चालल्या. त्या दिवशी त्याने माझ्याकडून फक्त सरकारी फी घेतली. खालच्या कॅफेटेरियातून एक दिरहमवाला करक चहा मागवला, आणि चिपळुणात दहा वर्षांत न झालेली ओळख अर्ध्या तासात झाली.

आता हिशेब करा. हा योगायोग जवळून पाहिला तर फार मोठा नाही. तो माणूस दिवसभर पासपोर्टच बघतो. बुर दुबईत बसून कधी ना कधी त्याच्या हातात चिपळूणचा पत्ता पडणारच होता. आणि मी तरी कुठे जाणार? संयुक्त अरब अमिरातीच्या लोकसंख्येत साधारण तिसरा हिस्सा भारतीय, पण आपली फिरण्याची ठिकाणं मोजकी. राहायला करामा किंवा बुर दुबई, सुरुवातीला बेडस्पेस, म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत भाड्याने घेतलेली फक्त एक खाट. कपडे-सोनं बघायला मीना बाजार. देवळात जायचं तर खाडीकाठचं जुनं देऊळ, जेबेल अलीचं नवं मंदिर 2022 ला उघडलं तोवर तेवढंच. खाडीपलीकडच्या देऱ्याला जायचं तर एक दिरहम देऊन अबरा, आणि त्या लाकडी होडीत वीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, खाडी ओलांडेपर्यंत एकमेकांची तोंडं बघण्यावाचून दुसरं काम नाही. त्यात आमच्या वेळी सुट्टी शुक्रवारची. (2022 पासून शनिवार-रविवार झाली.) म्हणजे लाखो माणसं, चार गल्ल्या आणि एकच दिवस. आठवडी बाजारात गाववाला भेटला तर कोणी त्याला योगायोग म्हणत नाही.

जर्मनीत तसं नाही. तुम्ही एका शहरात, तुमच्या कॉलेजातले बाकीचे पाच शहरांत विखुरलेले, सगळ्यांना आठवड्यातून एकदा ओढून आणणारी एकच गल्ली नाही. रविवारी तर दुकानंच बंद. भेटणार कुठे?

दुसरं असं की आपण गणित उलटं मांडतो. भेट झाल्यावर म्हणतो, "हाच माणूस, इथेच, आत्ताच! केवढा योग!" पण त्याच्या जागी शाळेतला बाकावरचा मित्र, आत्याची शेजारीण किंवा एसटीचा कंडक्टर भेटला असता तरी आपण एवढेच चकित झालो असतो. चेहऱ्याने ओळखीची माणसं प्रत्येकाची शेकड्यांनी असतात. "हाच" भेटण्याची शक्यता नगण्य, "कोणीतरी" भेटण्याची बरीच. खोलीत नुसती 23 माणसं जमली तरी त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तेच गणित इथे.

आणि खरं सांगू? अर्धी करामत आपल्या नजरेची असते. चिपळूणच्या स्टँडवर तो झेरॉक्सवाला समोरून गेला असता तर मी मानसुद्धा हलवली नसती. दुबईत मी मेट्रोच्या डब्यात कोणी "अगो बाय" म्हणालं की वळून बघायचो. मागून ऐकू येणारं मराठी, हातातली पिशवी, कपाळावरचं गंध, सगळं टिपायचो आणि सरळ जाऊन विचारायचो, "कुठले तुम्ही?" बायको म्हणायची, तुम्ही जनगणनेला जा.

फक्त एकदा विचारलं नाही.

2016 चा ऑगस्ट, बाहेर पंचेचाळीस डिग्री. आम्ही सामान भरून एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये आलो, तर तिथे ट्रॉल्या गोळा करणारा मुलगा आमच्या वाडीतला. गावात सगळ्यांना माहिती की तो दुबईत ऑफिसात आहे, सुपरवायझर. आमची नजरानजर झाली. तो खाली वाकला आणि ट्रॉल्या एकात एक घालत राहिला. मी डिकी उघडली, पिशव्या ठेवल्या, गाडीत बसलो. बायकोने विचारलं, "ओळखीचा होता का?" मी म्हटलं, "वाटला तसा."

महिन्याभरात गणपती आले. आम्ही गावी गेलो, तोही आला होता. नवा शर्ट, हातात घड्याळ. आरती झाली, तो खिरापत वाटत होता आणि त्याची आई माझ्या शेजारीच उभी. तिने सहज विचारलं, "काय रे, तिकडे आमचा भेटतो की नाही तुला कधी?"

त्याचा हात ताटावर थांबला.

"काकी, दुबई केवढी मोठी," मी म्हटलं. "तिथे कोण कुणाला भेटतंय."

त्याने माझ्या हातावर खिरापत ठेवली आणि पुढच्याकडे वळला.