हवाईयन गिटार : आठ तारा कोणत्या स्वरांत लावाव्यात?

प्रश्न : आठ तारांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार घेतली आहे. घोडीपासून नटपर्यंत (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) तार साडेबावीस इंच आहे. आजवर पेटी वाजवत आलो. भावगीतं, जुनी हिंदी गाणी आणि जमले तर रागही वाजवायचे आहेत. कोणी सी-सिक्स्थ सांगतं, कोणी ओपन डी. काय निवडू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सी-सिक्स्थ लावा आणि निदान सहा महिने ते बदलू नका. पांढरी एकचा (सी) सा धरला तर या ट्यूनिंगच्या मोकळ्या तारा सा, ग, प, ध अशा बोलतात. म्हणजे भूप, फक्त रिषभ नाही. तो सा-च्या तारेवर दोन घरं पुढे सापडतो. पेटीवर तयार झालेल्या कानाला ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. दुसरा मोठा फायदा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा). बार, म्हणजे तारांवर फिरवायची धातूची कांडी, सरळ ठेवून प-ग-सा या तारा छेडल्या की मेजर कॉर्ड मिळते आणि त्याच जागी ग-सा-ध छेडल्या की मायनर. भावगीताच्या चालीला या दोन्ही सतत लागतात.

पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेपासून स्वर आणि जाडी (इंचांत) अशी ठेवा : प ०.०१२, ग ०.०१५, सा ०.०१८, ध ०.०२२ या चार साध्या. मग गुंडाळलेल्या प ०.०२६, ग ०.०३०, सा ०.०३८, ध ०.०४६. तुमच्या लांबीवर यात प्रत्येक तारेला साधारण ११ ते १३ किलोचा ताण येतो. ताण सारखा असला की बार कुठेही नेला तरी हाताला एकसारखा प्रतिसाद मिळतो. गिटारचा तयार सहा तारांचा संच आणून त्यात दोन तारा सुट्या घातल्या तर नेमका हा तोल जातो. काही तारा बारखाली दबतात, काही दगडासारख्या लागतात. म्हणून तारा सुट्याच घ्या.

आठव्या तारेबद्दल थोडं अधिक, कारण खरी निवड तिथेच आहे. ती ध-वर असताना पाचवी ते आठवी या चार तारा मिळून ए-मायनर-सेव्हन होतात. तीच तार अर्धा स्वर चढवून कोमल निषादावर नेली की सी-सेव्हन मिळते. जुन्या चित्रपटगीतांच्या अंतऱ्यावर जाताना ही कॉर्ड हमखास लागते. किंवा आठवी ध-वरच ठेवून सातवी सा-वरून कोमल रिषभावर चढवा, ए-सेव्हन तयार. दोन्ही बदल अर्ध्याच स्वराचे असल्याने तार बदलावी लागत नाही. आधी ध-वर हात बसू द्या, मग कोमल निषाद वापरून पाहा.

आता मिळवणं. ट्यूनरच्या शून्यावर सगळ्या तारा लावल्यात तर गांधार आणि धैवत चढे वाटतील, आणि ते खरोखरच चढे असतात. सा शून्यावर ठेवा, गांधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आणि धैवत १६ सेंट उतरवा. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार याच जागी असतो. साथीला पेटी असेल तर मात्र निम्मंच उतरवा, नाहीतर दोन्ही वाद्यं भांडतात. आठही तारा एकदा मिळवल्या की पुन्हा पहिलीपासून फिरा; पुढच्या तारा चढवताना मागच्या थोड्या उतरलेल्या असतात.

गायकाची पट्टी काळी एक असेल तर सगळं एक घर पुढे सरकतं. पण पहिल्या घरात नट जवळ असल्याने तार ताठ लागते आणि सूर चढतो. तेच बाराच्या पुढे, तेराव्या घरात वाजवा. बारचा मध्य रेषेच्या बरोबर वर हवा; साध्या गिटारवर बोट पट्टीच्या अलीकडे ठेवतात तसं इथे चालत नाही.

रागासाठी वेगळं वाद्य किंवा निदान वेगळा संच लागतो. सी-सिक्स्थमध्ये प आणि सा यांच्यामध्ये धैवत येतो. हंसध्वनीसारख्या धैवत नसलेल्या रागात तो चुकून वाजला तर सगळं बिघडतं. ओपन डी-मध्ये जाड तारेकडून सा-प-सा-ग-प-सा (षड्ज पांढरी दोन) असे स्वर आहेत. बारच्या टोकाने फक्त बारीक तारा दाबल्या की पलीकडच्या जाड तारा मोकळ्या राहून षड्ज-पंचम धरून ठेवतात. कोमल गांधाराच्या रागात ग-ची तार अर्धा स्वर उतरवा. गांधारच नसेल तर ती तळहाताने दाबून ठेवा. त्यासाठी सी-सिक्स्थच्या संचातली ०.०४६ ची तार खर्जाच्या षड्जापर्यंत उतरवू नका. ताण निम्म्याहून खाली येतो आणि तार बारखाली खडखडते. तिथे ०.०६० च्या आसपासची घाला.

प्रश्न : माझ्या गिटारची लांबी २५ इंच आहे. वरच्या प-ची तार महिन्यात दोनदा तुटली. ०.०१२ ऐवजी ०.०१० घालू का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नको, फरक पडणार नाही. बारीक तारेला ताण कमी लागतो, पण तिची ताकदही त्याच प्रमाणात कमी असते; साधी पोलादी तार कोणत्या स्वराला तुटेल हे मुख्यतः लांबीवर ठरतं. २५ इंचांवर हा पंचम तुटण्याच्या उंबरठ्यावर आहे. ही तार काढून सगळ्या एकेक जागा वर सरकवा, ग पहिली करा आणि खाली मंद्र मध्यम जोडा. तरीही तार तुटली तर कुठे तुटते ते पाहा. घोडीपाशी तुटत असेल तर तिथली धार ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडा. मध्येच तुटत असेल तर गंज आहे. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसा.

प्रश्न : साध्या ॲकूस्टिक गिटारचा नट उंचावून डोब्रोचं (धातूच्या तबकडीची, बारने वाजवायची गिटार) जी-बी-डी-जी-बी-डी लावलं तर?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : त्यात सहावी तार तीन आणि पाचवी दोन अर्धस्वर चढते, साध्या गिटारच्या मानेला आणि पोटाला हा जादा ताण देऊ नका. जाड तारेकडून डी-जी-डी-जी-बी-डी लावा. यात एकही तार चढत नाही आणि वरच्या चार तारा डोब्रोसारख्याच राहतात.