चार वर्षांत गव्हर्नरच्या हाती काय उरतं?

"अमेरिकेत गव्हर्नरला दोनच टर्म, मग आपल्या मुख्यमंत्र्यांना का नाही?" असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगतो. देशभर दोन टर्मचं बंधन आहे ते राष्ट्राध्यक्षांना. गव्हर्नरांचं ज्या त्या राज्यानं ठरवलंय. टेक्सासात मर्यादाच नाही, रिक पेरी 2000 ते 2015 गव्हर्नर होते. कॅलिफोर्नियात 1990पासून आयुष्यभरात दोनच टर्म. तरी जेरी ब्राउन चारदा झाले, कारण त्यांच्या 1975 ते 1983च्या टर्म नियमाआधीच्या होत्या.

सगळ्यात कडक आमचं व्हर्जिनिया. इथं गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्मच नाही. टेरी मॅकऑलिफ 2018मध्ये पायउतार झाले, 2021मध्ये पुन्हा उभे राहिले आणि ग्लेन यंगकिन यांच्याकडून हरले. यंगकिन यांनाही 2025ला उभं राहता आलं नाही.

मला हा नियम मुळीच पटत नाही. इथलं बजेट बघा. ते दोन वर्षांचं असतं. जाणारा गव्हर्नर डिसेंबरात मांडतो आणि जानेवारीत घरी जातो. नवा येतो तो त्याच बजेटात दुरुस्त्या सुचवत बसतो. त्याचं स्वतःचं पहिलं पूर्ण बजेट लागू होतं तिसऱ्या वर्षीच्या जुलैत! तोवर चारातली अडीच वर्षं गेलेली असतात. रस्ते, शाळा, काहीही मोठं काम धरायचं तर उरतं किती? विधिमंडळातल्यांना मात्र टर्मची मर्यादा नाही. हा जाणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

शिवाय पळवाटा निघतातच. अलाबामात जॉर्ज वॉलेस यांना लागोपाठ उभं राहता येईना, तेव्हा 1966मध्ये त्यांनी पत्नी लर्लीन यांना निवडून आणलं. त्या 1968मध्ये पदावर असतानाच कॅन्सरनं गेल्या. त्याच वर्षी तिथं घटना बदलून लागोपाठ दोन टर्मची मुभा दिली गेली.

आता आपल्याकडचं. मुख्यमंत्री बहुमत असेपर्यंतच खुर्चीवर. गव्हर्नर थेट लोकांतून येतो, अविश्वास ठरावानं जात नाही, म्हणून तिथं मर्यादा लागते. महाराष्ट्रात वसंतराव नाईक 1963 ते 1975 राहिले, पण त्यांच्यानंतर सलग पाच वर्षं पूर्ण केली ती थेट देवेंद्र फडणवीसांनी, 2014 ते 2019. आपल्याकडे अडचण आहे ती टर्म पुरी न होण्याची.

व्हर्जिनियानं लागोपाठ दोन टर्म द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी विधिमंडळानं दुरुस्ती दोनदा मंजूर करायची, मधे एक निवडणूक, मग जनमत. असे प्रस्ताव कितीदा तरी आले आणि पडले. गव्हर्नर दुबळा राहण्यात ज्यांचा फायदा, मंजुरीही त्यांच्याच हातात आहे.