एक टॉमकॅट, तीन अ‍ॅप्लिकेशन आणि एकच सेटिंग

प्रश्न : पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष पॅकहाउससाठी आम्ही तीन जावा वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळतो. पहिल्यात मालाची आवक नोंदवतात, दुसऱ्यात प्रतवारी आणि पॅकिंग, तिसऱ्यात निर्यातीची कागदपत्रे. तिन्ही एकाच टॉमकॅटवर (जावा वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालतात. किमान ब्रिक्स (द्राक्षातील गोडीचे माप), चालू हंगाम आणि फोटोंच्या फोल्डरचा पत्ता तिन्हींना लागतो, म्हणून ‘सेटिंग्ज’ नावाच्या क्लासमध्ये स्टॅटिक व्हेरिएबल ठेवली आणि त्याची जार फाइल (जावा क्लासचा गठ्ठा) तिन्हींत घातली. आवकेच्या अ‍ॅप्लिकेशनमधून ब्रिक्स १६ चे १७ केले, तरी पॅकिंगच्या स्क्रीनवर १६ च दिसते. सर्व्हर एकच असताना असे का होते आणि योग्य मार्ग कोणता?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : आपल्या कोडमध्ये चूक नाही, चूक आहे ती ‘स्टॅटिक म्हणजे संपूर्ण सर्व्हरसाठी एक’ या समजुतीत. स्टॅटिक व्हेरिएबल हे क्लासचे असते, आणि जावामध्ये क्लासची ओळख केवळ नावावरून ठरत नाही, तर नाव आणि तो क्लास आणणारा क्लासलोडर या दोहोंवरून ठरते. टॉमकॅट प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनला स्वतंत्र क्लासलोडर देतो, जेणेकरून एकाच्या लायब्ररीची आवृत्ती दुसऱ्याच्या आड येऊ नये. आपली जार तिन्ही अ‍ॅप्लिकेशनच्या वेब-इन्फमधील लिब फोल्डरमध्ये असल्यामुळे मेमरीत ‘सेटिंग्ज’ नावाचे तीन निरनिराळे क्लास आहेत आणि ब्रिक्सचे व्हेरिएबलही तीन ठिकाणी आहे. आपण त्यांतील एकच बदललेत.

यावर पुष्कळ जण सुचवतील तो उपाय म्हणजे जार तेथून काढून टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये ठेवणे. तेथील क्लास सामाईक क्लासलोडर आणतो, त्यामुळे व्हेरिएबल खरोखरच एक होते. तरीही तो मार्ग मी सुचवणार नाही. सामाईक क्लासने एखाद्या अ‍ॅप्लिकेशनमधील ऑब्जेक्ट धरून ठेवला, तर ते अ‍ॅप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केल्यावरही (सर्व्हरवर नव्याने चढवल्यावरही) त्याचा जुना क्लासलोडर मेमरीतून सुटत नाही, आणि वारंवार डिप्लॉय करणाऱ्या सर्व्हरवर मेटास्पेस, म्हणजे क्लासची माहिती ठेवणारा मेमरीचा भाग, भरत जातो. दुसरा धोका मी स्वतः अनुभवला आहे. एका कामात आम्ही जार सामाईक फोल्डरमध्ये हलवली, पण एका अ‍ॅप्लिकेशनच्या वेब-इन्फमध्ये तिची जुनी प्रत राहून गेली. जावाचा नेहमीचा क्लासलोडर आधी आपल्या वरच्या क्लासलोडरला विचारतो. टॉमकॅटमधील वेब अ‍ॅप्लिकेशनचा लोडर मात्र, जावाचे मूळ क्लास सोडले तर, आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहतो. त्यामुळे दोन अ‍ॅप्लिकेशन नवे मूल्य दाखवत होती आणि तिसरे जुनेच. क्लासलोडर लॉगमध्ये छापला, त्या ओळीत अ‍ॅप्लिकेशनचे नाव दिसले आणि मगच कारण उमगले. आपणही ही एक ओळ तिन्ही ठिकाणी छापून पाहावी. वर लिहिलेले सारे डोळ्यांसमोर येईल.

आता मार्गाकडे वळू. आपली तीन मूल्ये एकाच जातीची नाहीत, हे आधी ओळखले पाहिजे. फोल्डरचा पत्ता यंत्रानुसार ठरतो आणि क्वचितच बदलतो. अशा मूल्याची जागा टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधील सर्व्हर.एक्सएमएल ही आहे. तेथील ग्लोबल नेमिंग रिसोर्सेस या विभागात एक एन्व्हायर्न्मेंट नोंद करावी. नाव, मूल्य आणि प्रकार द्यावा, येथे स्ट्रिंग. केवळ एवढ्याने ती अ‍ॅप्लिकेशनला दिसत नाही, आणि बहुतेकांचे काम येथेच अडते. ज्या अ‍ॅप्लिकेशनला मूल्य हवे, त्याच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये त्या नोंदीकडे बोट दाखवणारा रिसोर्स लिंक लिहावा लागतो. कॉन्फ फोल्डरमधील कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये लिहिला, तर तो सर्व अ‍ॅप्लिकेशनना लागू होतो. मला पहिली पद्धत बरी वाटते, कारण कोणते अ‍ॅप्लिकेशन कशावर अवलंबून आहे, हे त्याच्याच फाइलमध्ये वाचता येते. मूल्य वाचायचे ते जेएनडीआय लुकअपने, म्हणजे नाव देऊन नोंद शोधण्याच्या जावाच्या सोयीने. ते अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना, सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनरमध्ये (अ‍ॅप्लिकेशन सुरू किंवा बंद होताना टॉमकॅट ज्याला हाक मारतो त्या क्लासमध्ये) एकदाच वाचून ठेवावे. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या थ्रेडला अ‍ॅप्लिकेशनचा क्लासलोडर मिळाला नसेल, तर तेथून केलेले लुकअप ‘नाव सापडले नाही’ म्हणून फसते, आणि हा दोष चाचणीत सहसा दिसत नाही. केवळ मजकुराच्या स्वरूपातील किरकोळ मूल्यासाठी कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमधील पॅरामीटर ही नोंदही पुरते.

किमान ब्रिक्सचे तसे नाही. सर्व्हर.एक्सएमएलमधील बदल लागू होण्यासाठी टॉमकॅट बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे तिन्ही अ‍ॅप्लिकेशन एकाच वेळी थांबतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात क्रेट भरलेल्या गाड्या उभ्या असताना, केवळ एका आकड्यासाठी आवकेची नोंद थांबवणे कोणालाच परवडणार नाही. दिवसाच्या मध्येच कोणी अधिकारी स्क्रीनवरून बदलतो, ते मूल्य डेटाबेसच्या तक्त्यात असावे. कोणी, केव्हा आणि किती बदलले हेही तेथे नोंदवता येते, आणि नाकारलेल्या मालावरून शेतकऱ्याशी बोलताना ती नोंद कामी येते. प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारणे जड वाटत असेल, तर वाचलेले मूल्य अर्धा किंवा एक मिनिट जवळ ठेवावे. तेवढा वेळ जुने मूल्य चालणार असल्याची खात्री मात्र पॅकहाउसच्या माणसांकडूनच करून घ्यावी. चालू हंगाम वर्षातून एकदाच बदलत असला, तरी तोही याच तक्त्यात ठेवावा.

डेटाबेसच्या जोडणीची माहिती अर्थातच त्या तक्त्यात ठेवता येणार नाही. तिची व्याख्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये सामाईक डेटासोर्स (डेटाबेसच्या जोडण्या पुरवणारी नोंद) म्हणून करावी आणि तिन्ही अ‍ॅप्लिकेशननी रिसोर्स लिंकने तोच घ्यावा. पासवर्ड त्या फाइलमध्ये उघडा राहतो, म्हणून फाइल वाचण्याची परवानगी टॉमकॅट ज्या खात्याने चालतो तेवढ्यापुरतीच ठेवावी. पासवर्ड जावाच्या आदेशाला ‘वजा डी’ (-D) लावून देण्याची सवय असेल, तर ती सोडावी; चालू प्रक्रियांची यादी पाहणाऱ्याला तो दिसू शकतो.

उद्या यातील एक अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्या यंत्रावरील टॉमकॅटवर हलवावे लागले, तर ब्रिक्स आणि हंगाम डेटाबेसमधून जसेच्या तसे मिळतील, आणि फोल्डरचा पत्ता त्या यंत्राच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये वेगळा लिहिला की अ‍ॅप्लिकेशनच्या कोडला हात लावावा लागणार नाही.